ग्रहांची रांग

सन २०२५ च्या जानेवारीत सायंकाळी पश्चिमेस शुक्र व शनि, वर गुरु आणि पूर्वेस मंगळ अशी रांग दिसली. ती पाहून कोणा बंधूच्या मनात जुने भय जागे झाले असेल, तर त्यास आम्ही दोष देत नाही. १९६२ साली अष्टग्रहीच्या वेळी शिकलेले लोकही घाबरले होते. शांतीसाठी कर्ज मात्र काढू नये.

सर्व ग्रह सूर्याभोवती जवळजवळ एकाच पातळीत फिरतात. म्हणून पृथ्वीवरून ते एकाच वाटेवर दिसतात. ता. १८ रोजी शुक्र व शनि शेजारी दिसत होते. परंतु शुक्र सुमारे १० कोटी किलोमीटर दूर होता, तर शनि १५० कोटींहूनही अधिक!

अशी रांग पुन्हा दिसेल तेव्हा उपदेशकांनी मंडळीस अंगणात आणून ती दाखवावी, आणि तेथेच यिर्मया १०:२ वाचावे.