काडतुसांची समता

मोहर्लीच्या रानाशेजारी राहणाऱ्यांस रायफल म्हटली की शिकार आठवते. ताडोबात शिकारीस १९३५ सालीच बंदी झाली. परंतु निशाणावरील नेमबाजी ही निराळी विद्या असून तीत पदार्थविज्ञानाचा एक उत्तम धडा आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे ह्यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. ह्या स्पर्धेत गुडघा टेकून, पालथे पडून व उभे राहून ५० मीटरांवरील निशाण साधावे लागते. पात्रता फेरीत ६०० पैकी ५९० गुण मिळवून ते सातवे आले होते, आणि पुढे प्रवेश आठांनाच होता. दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. नेम अचूक धरूनही गोळी त्याबाहेर का जावी?

पुढील गणित पाहा. ही गोळी सेकंदास सुमारे ३३० मीटर वेगाने निघते. हवेचा अडथळा न धरल्यास ५० मीटर जाईपर्यंत ती गुरुत्वाकर्षणाने ११२.५ मिलिमीटर खाली येते. दुसऱ्या काडतुसाने ३२० मीटर वेग दिला, तर ती ११९.६ मिलिमीटर खाली येईल. म्हणजे सात मिलिमीटरांचा फरक! अंतर दुप्पट केल्यास हा फरक चौपट होतो. म्हणून काडतूस जोरदार असण्यापेक्षा एकसारखे असणे अधिक महत्त्वाचे.

हे साधावे कसे? ह्या रायफलीच्या काडतुसाचा पेट घेणारा मसाला त्याच्या काठातच भरलेला असतो व आघाताने तो काठ चेपतो. म्हणून ते पुन्हा भरता येत नाही. तेव्हा निरनिराळ्या खेपांची काडतुसे घेऊन, रायफल पकडीत घट्ट आवळून, प्रत्येक खेपेच्या काही गोळ्या झाडतात. ज्या खेपेच्या छिद्रांचा पुंजका सर्वांत लहान, ती त्या नळीस मानवली असे समजावे. दुसऱ्या नळीस ती मानवेलच असे नाही. ३०० मीटर व त्यापुढील नेमबाजीसाठी, जेथे कायद्याची परवानगी आहे तेथे, निष्णात नेमबाज दारू काट्यावर तोलून काडतुसे स्वतः भरतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व प्रत्येक फळ वहीत नोंदावे, हा त्यांचा नियम.

पुंजका लहान, पण मध्यापासून दूर असेल, तर नेम धरण्याचे साधन किंचित फिरवून तो मध्यावर आणता येतो. पुंजकाच विखुरलेला असेल, तर त्यास हा उपाय नाही. एखादी गोळी सुदैवाने मध्यावर बसली म्हणून काडतूस चांगले ठरत नाही. प्रयोगशाळेत एकदाच मोजून उत्तर लिहिणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.