स्वमग्न मूल आणि घरात तीन भाषा: पैसे कशावर खर्चावेत?

शिरगावातलं मूल आजीकडून मराठी ऐकतं, तळेगाव एमआयडीसीत काम करणाऱ्या शेजाऱ्यांकडून हिंदी आणि शाळेत इंग्रजी. अशा घरात ऑटिझमचं निदान झालं की कुणीतरी हमखास सांगतं, ‘एकच भाषा ठेवा, शक्यतो इंग्रजी.’ सगळ्यात महाग पडतो तो हाच सल्ला. आजीला इंग्रजी येत नसेल तर ती नातवाशी बोलणंच कमी करते. दिवसभराचा फुकटचा सराव असा बंद होतो आणि पुढे तोच थेरपीच्या सेशनचे पैसे मोजून विकत घ्यावा लागतो. माँट्रिअलमध्ये झालेल्या आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन भाषा ऐकणारी स्वमग्न मुलं एकच भाषा ऐकणाऱ्या मुलांच्या मागे पडलेली दिसली नाहीत. तेव्हा घरची बोली सुरू ठेवा. तिला खर्च शून्य.

तपासणीलाही फार पैसे लागू नयेत. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना शंका स्पष्ट सांगा. पुढची तपासणी मोफत होते. अपंगत्वाचं प्रमाणपत्र औंधच्या जिल्हा रुग्णालयातून मिळतं आणि यूडीआयडी या अपंगत्वाच्या ओळखपत्राला शुल्क नाही. प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही 40 प्रश्नांची भारतीय चाचणी वापरतात. तिथे मूल कुठल्या भाषेत काय समजतं, ते आपणहून सांगा. नाहीतर परक्या भाषेतल्या प्रश्नाला न दिलेलं उत्तर त्याच्या खात्यावर उणीव म्हणून जमा होतं.

खरा खर्च थेरपीचा. स्पीच थेरपी आणि ओटी (व्यवसायोपचार) मिळून आठवड्याला तीन सेशन, एका सेशनला 700 रुपये धरले, तर चार आठवड्यांचे 8,400 रुपये होतात. प्रवास वेगळा, आणि सोबत जाणाऱ्या पालकाचा बुडालेला रोज वेगळा. पुण्यापर्यंत सारखे हेलपाटे घालण्यापेक्षा तळेगाव किंवा चिंचवडला कमी सेशन घ्या आणि घरी काय करायचं ते थेरपिस्टकडून नीट शिकून घ्या, असं माझं ठाम मत आहे. स्पीच थेरपिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ओटीची महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका.

प्रत्येक पावती जपा. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं. त्यात थेरपीसाठीची मर्यादा बरीच कमी असते, ती आधी विचारून घ्या. जुन्या करप्रणालीत कलम 80डीडीखाली 75,000 रुपयांची वजावट मिळते, अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000. मूल अजून बोलत नसेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रांचं अ‍ॅप मोफत आहे आणि ते मराठीतही चालतं.

शाळेसाठी वेगळी फी भरण्याआधी वडगावच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांना भेटा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

आणि कुठल्याही केंद्रात आगाऊ पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: सेशन घरच्या भाषेत घ्याल का, आणि आई, बाबा किंवा आजी आत बसू शकतील का? दोन्हींना नकार मिळाला तर दुसरं केंद्र बघा.