विडी-सिगारेटची थोटके आणि सोलापूरचे माळरान

सोलापूर जिल्ह्यात माघ-फाल्गुनात रब्बी ज्वारीची काढणी आटोपते, कडबा गंजीस लागतो आणि त्याच सुमारास माळावरील गवत पूर्णपणे वाळून पिवळे पडते. तेव्हापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंतचा काळ हा या जिल्ह्यातील आगीचा हंगाम होय. पाऊसमान मुळात बेताचे, उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर आणि त्यात दुपारचा वारा, अशा स्थितीत गवत पेटण्यास मोठा विस्तव लागत नाही. बांधावर बसून ओढलेल्या विडीचे अथवा रस्त्याने जाणाऱ्या मोटारीतून भिरकावलेल्या सिगारेटचे थोटूक तेवढ्यास पुरते. ही वस्तू इतकी क्षुल्लक की तिचा स्वतंत्र विचार करावा असे सहसा कोणास वाटत नाही. तथापि जेथे चारा व पाणी या दोहोंचीही वाण आहे, तेथे ती या दोहोंचीही हानी करते.

आगीच्या दृष्टीने विडी व सिगारेट यांत एक भेद आहे. विडी टेंभुर्णीच्या पानात वळलेली असल्याने ओढणे थांबविताच ती बहुधा लवकर विझते. ओढणाऱ्यास ती पुन:पुन्हा पेटवावी लागते हा नित्याचा अनुभव आहे. सिगारेटचा कागद मात्र अशा रीतीने तयार केलेला असतो की, कोणी ओढीत नसतानाही ती धुमसत राहावी. त्यामुळे टाकून दिलेली सिगारेट कित्येक मिनिटे जिवंत राहते. परंतु यावरून विडी निर्धोक आहे असा समज करून घेऊ नये. ती वारंवार विझते म्हणूनच तिच्यापायी काड्याही अधिक ओढल्या जातात, आणि जळती काडी वाळल्या गवतात टाकणे हे थोटकाहूनही घातक होय.

माळ जळाल्याने गवत जोमाने फुटते, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. तीत तथ्यांश इतकाच की, जळालेल्या जागी पहिल्या पावसानंतर हिरवा कोंब लवकर नजरेस पडतो. पण वर्षानुवर्षे तोच माळ जळत राहिला तर पवन्या व मारवेल यांसारखी जनावरांस रुचणारी गवते मागे पडतात आणि कुसळी बळावते. याचे कारण कुसळीच्या बियांच्या रचनेत आहे. तिचे लांब कुसळ दमट हवेत उलगडते व कोरड्या हवेत पिळले जाते. या पिळाने बी आपोआप जमिनीत शिरते व वरून जाणाऱ्या आगीतून वाचते. पुढे हीच कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत व कातडीत रुततात आणि जनावरांच्या तोंडास जखमा करतात. शिवाय पालापाचोळा जळून उघडी पडलेली मुरमाड जमीन वळवाच्या पहिल्याच सरीत धुपून जाते. एका थोटकाने लागलेल्या आगीचा हिशेब केवळ त्या वर्षीच्या जळालेल्या चाऱ्यावर संपत नाही.

या माळांवर राहणाऱ्या प्राण्यांची स्थिती याहून बिकट आहे. नान्नज परिसरातील माळढोक पक्ष्याच्या रक्षणासाठी १९७९ साली सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. पुढे त्याचे क्षेत्र पुष्कळच कमी करण्यात आले. नान्नज, मार्डी या भागांतील राखीव गवताचे तुकडे शेतांनी व रस्त्यांनी वेढलेले आहेत. माळढोक २०११ सालापासून जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत असून महाराष्ट्रात तो आता अगदी मोजका उरला आहे. तो थोटकांमुळे नाहीसा होत आहे असे म्हणणे अर्थातच अतिशयोक्तीचे ठरेल. माळरानाचा घटता विस्तार व विजेच्या तारा ही त्याची मोठी कारणे आहेत. परंतु ज्या पक्ष्याची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, त्याला लपण्यापुरते गवतही राहिले नाही तर त्याने जावे कोठे? त्याची वीण मुख्यत्वे पावसाळ्यात होत असल्याने उन्हाळी आगीत त्याची अंडी सापडण्याचा संभव कमी असतो. टिटवी व धाविक यांची गोष्ट वेगळी. त्यांची अंडी ऐन चैत्र-वैशाखात जमिनीवर असतात. काळवीट पळू शकते, अंडे पळू शकत नाही.

आग लागली नाही तरी थोटकाचा उपद्रव संपत नाही. तंबाखूचा काढा साबणाच्या पाण्यात मिसळून माव्यावर फवारण्याची पद्धत जुन्या शेतकऱ्यांस माहीत आहे. त्या काढ्यातील किडीस मारणारे द्रव्य म्हणजे निकोटीन. ते इतके जहाल आहे की निकोटीन सल्फेट या कीटकनाशकाच्या वापरास भारतात आता बंदी आहे. ओढून टाकलेल्या थोटकात हेच निकोटीन, त्याच्या जोडीस धुरातील डांबर व काही जड धातू शिल्लक असतात, आणि पाण्यात पडताच ते पाझरू लागतात. अमेरिकेतील सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एक लिटर पाण्यास साधारण एक थोटूक या प्रमाणात भिजविलेल्या पाण्यात ९६ तासांत निम्मे मासे मेले. १८७१ साली बांधून झालेल्या एकरूख ऊर्फ हिप्परगा तलावासारख्या मोठ्या जलाशयात हे विष विरून जाईल हे खरे. वैशाखात माळावर उरलेल्या हातभर खोलीच्या डबक्याची अथवा वन्य प्राण्यांसाठी भरलेल्या पाणवठ्याची गोष्ट तशी नव्हे. तेथे पाणी थोडे असते, दररोज आटते, आणि बेडूक, कीटक, पाखरे व काळवीट या सर्वांचा आधार तेच एक असते.

सिगारेटच्या टोकाशी असलेली गाळणी ही कापसाची आहे व मातीत कुजून जाईल, हा समज चुकीचा आहे. ती सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकच्या हजारो बारीक तंतूंची असते आणि ती नष्ट होण्यास अनेक वर्षे लागतात. इंग्लंडमधील अँग्लिया रस्किन विद्यापीठाच्या २०१९ सालच्या प्रयोगात, थोटके मिसळलेल्या मातीत पांढऱ्या क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाची उगवण २७ टक्क्यांनी व कोंबाची लांबी २८ टक्क्यांनी घटली. विशेष असे की, न ओढलेल्या गाळणीचा परिणामही जवळजवळ तसाच आढळला. म्हणजे दोष केवळ तंबाखूचा नाही. गोठा अथवा अंगण झाडताना थोटके केरासोबत उकिरड्यात जातात. ती तेथे कुजत नाहीत. शेणखतातून थेट वाफ्यात येतात. विडीचे पान मात्र कुजते, आणि एवढ्यापुरती विडी बरी. सोलापूर शहरात हजारो स्त्रियांची चूल विडी वळण्यावर चालते. त्यांच्या कामास येथे दोष देण्याचा हेतू नाही, ओढून झाल्यावर राहिलेल्या तुकड्याचे काय करावे एवढाच प्रश्न आहे.

मेक्सिको शहरातील चिमण्या घरट्यात थोटकांचे तंतू आणून घालतात. त्यामुळे गोचिडीसारखे उपद्रवी जीव कमी होतात, असे २०१२ साली दिसून आले. परंतु पुढील अभ्यासात त्याच घरट्यांतील पिलांच्या रक्तपेशींतील जनुकद्रव्यास इजा झाल्याचेही आढळले.

राखीव वनात विस्तव नेणे अथवा पेटविणे यावर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने निर्बंध घातले आहेत, आणि अभयारण्यात आग लावणे वा जळता विस्तव टाकून जाणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये मना आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही २०२० साली थोटकांच्या विल्हेवाटीसाठी मार्गदर्शक सूचना तयार करण्यास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळास सांगितले. पण माळावर प्रत्येक माणसामागे वनरक्षक उभा करता येत नाही.

यास्तव माळावर, खळ्यात व कडब्याच्या गंजीजवळ धूम्रपान मुळीच करू नये. ज्यास ते टाळता येत नाही त्याने मोकळ्या, गवत नसलेल्या जागी थोटूक मातीत रगडून विझवावे, बोटास गार लागते याची खात्री करावी आणि ते तेथेच न पुरता जवळच्या पत्र्याच्या डबीत टाकून घरी आणावे. गुराख्यांना व मजुरांना अशी डबी देणे मालकास जड नाही. विहीर, पाट, पाणवठा व उकिरडा यांत थोटूक टाकू नये. टोमॅटो व मिरचीच्या रोपवाटिकेत जाण्यापूर्वी तंबाखू हाताळलेले हात साबणाने स्वच्छ धुवावेत, कारण वाळविलेल्या तंबाखूत मोझॅक रोगाचा विषाणू तग धरून राहतो. राखीव गवतास लागून ज्यांची शेते आहेत त्यांनी फाल्गुनाच्या आत बांधावरील वाळले गवत कापून न्यावे. ते चाऱ्यासही उपयोगी पडते व जाळरेषेचे कामही करते. आग दिसल्यास ती लहान असतानाच कडुनिंबाच्या हिरव्या डहाळ्यांनी जळालेल्या बाजूस उभे राहून झोडपावी, वाऱ्याच्या तोंडास उभे राहू नये, आणि एकाने ताबडतोब वनविभागास कळवावे.