पासिंग संपलेली गाडी, चालू पॉलिसी

प्रश्न : आमच्या मोटारीची नोंदणी जून 2009 मधली. आरसीची 15 वर्षं जून 2024 मध्ये संपली, पण घरातल्या आजारपणात पासिंग राहून गेलं. पर्यावरण करही भरलेला नाही. विमा मात्र दर वर्षी न चुकता भरतो, तोही फुल. गेल्या महिन्यात एका सायकलस्वाराला धक्का लागला आणि गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. आरसी पाहून सर्व्हेअर म्हणाला, ‘क्लेम बसणार नाही.’ एजंट म्हणतो, पॉलिसी चालू आहे, काळजी करू नका. पीयूसीही संपलेली होती. खरं काय धरायचं?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : दोघांचंही अर्धंच खरं आहे.

तुमची पॉलिसी जिवंत आहे. कर थकला किंवा आरसीची मुदत टळली म्हणून विमा आपोआप रद्द होत नाही. पण ‘फुल’ पॉलिसी म्हणजे एका कागदावरचे दोन विमे असतात, एक इतरांच्या नुकसानीचा (थर्ड पार्टी), दुसरा तुमच्या गाडीचा, आणि अशा वेळी दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

आधी सायकलस्वाराचं बोलू. तो आता कसा आहे, हे तुमच्या पत्रात नाही. आधी त्याच्या घरी जाऊन या. थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 ने सक्तीचा केला आहे, तो अशाच माणसासाठी. कंपनीला कोणत्या कारणांनी जबाबदारी नाकारता येते, हे कलम 150 मध्ये सांगितलं आहे. लायसन्स नसलेला चालक, दारू पिऊन चालवणं, परमिट नसताना गाडी भाड्याने फिरवणं अशी ती कारणं. थकलेला कर किंवा मुदत संपलेली आरसी त्यात नाही. तरी कंपनी अटभंगाचा मुद्दा उभा करील. लायसन्स आणि परमिटच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला ‘आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असं सांगितलेलं आहे. म्हणजे सायकलस्वाराच्या हाती पैसे पडण्याची वाट मोकळी राहते, पण पुढे वसुली तुमच्या दारात येऊ शकते. हा धोका एजंटने तुम्हाला सांगायला हवा होता.

तुमच्या गाडीच्या नुकसानीचं मात्र अवघड आहे. नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, असं कलम 39 सांगतं. 2014 मध्ये नरिंदर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तशी गाडी चालवणं हा पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग ठरवला आणि अपघाताचा क्लेम नाकारणं योग्य धरलं. 2021 च्या सुशीलकुमार गोदारा प्रकरणात तर गाडी चोरीला गेली होती. चोरीशी नोंदणीचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. तरीही निकाल मालकाच्या विरोधात गेला.

मात्र त्या दोन्ही गाड्यांची तात्पुरती नोंदणी संपली होती, पक्की झालीच नव्हती. तुमची गाडी 15 वर्षं रीतसर नोंदलेली होती, फक्त नूतनीकरण राहिलं. हा फरक मांडण्यासारखा आहे. म्हणून तोंडी ‘बसणार नाही’वर थांबू नका. नकार कारणासह लेखी मागा, कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात समाधान झालं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाची मुदत असते. पूर्ण रकमेची आशा मी दाखवणार नाही, पण काही टक्के तडजोडीने मिळवण्याचा प्रयत्न जरूर करा.

कराबद्दल बऱ्याच जणांची फसगत होते. परिवहनच्या अ‍ॅपवर गाडी टाकली की टॅक्ससमोर ‘एलटीटी’, म्हणजे आयुष्यभराचा कर भरलेला, असं दिसतं आणि माणूस निश्चिंत होतो. नजर जायला हवी ती नोंदणीच्या मुदतीवर. पर्यावरण कर थकल्यामुळे क्लेम थेट बुडत नाही. पण तो भरल्याशिवाय पासिंग होत नाही, आणि पासिंग नाही म्हणून क्लेम अडतो.

पीयूसीची चिंता सोडा. ती नव्हती एवढ्याच कारणावर अपघाताचा क्लेम नाकारता येत नाही, हे विमा नियामकाने ऑगस्ट 2020 मध्येच स्पष्ट केलं आहे. पोलिसांचा दंड वेगळा.

आता पासिंग करून घ्याच. उशिराबद्दल मोटारीला दरमहा 500 रुपये जादा पडतात. नवी आरसी आली तरी अपघाताच्या दिवशी ती नव्हती, हे बदलत नाही. तारखा पुढेमागे दाखवून देतो म्हणणाऱ्या कुणाच्याही नादी लागू नका. पासिंग होईपर्यंत गाडी घराबाहेर काढू नका. दुरुस्तीलाही ती टोइंग करूनच न्या. आणि सायकलस्वाराच्या दाव्याची नोटीस आली, तर त्याच दिवशी तिची प्रत कंपनीला पोचवून पोच घ्या.