मिस्सेत आरती चालते का?



मिस्सेत समई, आरती कशाला, असे काही श्रद्धावंत विचारतात. हा वाद नवा नाही. मार्टिन ल्युथरने १५२६ मध्ये जर्मन भाषेतील मिस्सेचा क्रम छापला, पण कुणी त्याचा सक्तीचा कायदा करू नये, असेही त्यातच लिहिले. त्यांच्याशी आपले मतभेद मोठे आहेत. हा प्रश्न मात्र आपलाही आहे.

२५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतातील उपासनेसाठी बारा गोष्टींना परवानगी दिली. पादत्राणे काढून जमिनीवर बसणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून नमन, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, आरती, या त्यांतल्याच. म्हणजे आरती कुणा धर्मगुरूची लहर नव्हे! पण ती सक्तीही नव्हे. यांतले किती आणि केव्हा आणायचे, ते रोमने इथल्या महागुरूंवर सोपवले. तेव्हा गुडघे टेकणाऱ्या आजीला कुणी हटकू नये.