तिजोरीबाहेरची जोखीम

१६ जानेवारी २०२५ रोजी बीदर शहरात भरदिवसा घडलेला प्रकार वाचकांच्या स्मरणात असेल. एटीएममध्ये भरावयाची रोकड नेणाऱ्या गाडीवर मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी गोळीबार केला. एक कर्मचारी जागीच ठार झाला व रोकडीची पेटी पळविण्यात आली. त्यानंतर 'बँकांपुढील जोखीम' हा पाठ शिकविताना वर्गात विद्यार्थ्यांनी पहिले उदाहरण हेच दिले. माणसाचा जीव गेला, तेव्हा ही घटना लहान मानता येत नाही. परंतु हा धोका जुनाच आहे. पहारा, भक्कम पेटी, विमा हे त्यावरचे उपाय बँकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहेत.

नव्या धोक्याचे स्वरूप पाहावयाचे असेल तर पुण्यास जावे लागेल. तेथील कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी बनावट कार्डे वापरून २८ देशांतील एटीएम यंत्रांतून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढण्यात आले. सोमवारी, १३ तारखेस, आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगमधील एका खात्यात वळते झाले. एकूण नुकसान ९४ कोटींचे. तिजोरीला मात्र कोणी हातही लावला नाही!

हे घडले कसे? आपण कार्ड घातले की यंत्र स्वतः निर्णय करीत नाही. त्याची विचारणा 'स्विच' नावाच्या मधल्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाते, शिल्लक तपासली जाते व होकार किंवा नकार परत येतो. चोरांनी मध्येच एक खोटा स्विच उभा केला. विचारणा बँकेपर्यंत पोचेना, आणि खोटा स्विच होकार देत राहिला. जणू मुनिमाच्या गादीवर तोतया बसला होता आणि मालकाला त्याचा पत्ताच नव्हता.

"सर, मग ठेवीदाराचे काय गेले?" असे एका विद्यार्थिनीने विचारले. प्रश्न रास्त आहे. पैसे ग्राहकांच्या खात्यांतून वजा झालेच नव्हते, नुकसान बँकेचे झाले. कॉसमॉस मोठी बँक, म्हणून तिने ते सोसले. तालुक्याच्या एखाद्या लहान बँकेवर हा घाला पडला असता तर तिचे भागभांडवल व राखीव निधी एका सुट्टीत संपून गेला असता. बँक बुडाल्यास ठेव विम्याचे संरक्षण असते; त्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० रोजी एक लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली. पण निवृत्तीची सगळी पुंजी एकाच बँकेत ठेवणारे आपल्याकडे थोडे नाहीत.

शिवाय लहान बँकांची यंत्रणा बहुधा त्यांची स्वतःची नसते. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या तंत्रसेवा पुरविणाऱ्या एकाच कंपनीवर खंडणीखोरांचा संगणकी हल्ला झाला. संसर्ग पसरू नये म्हणून तिला देशाच्या देयकव्यवस्थेपासून तात्पुरते तोडावे लागले, आणि सुमारे ३०० लहान सहकारी व ग्रामीण बँकांचे असे व्यवहार एकदम थांबले. या बँकांचे हिशेब वेगळे, संचालक वेगळे, गावे वेगळी; दोर मात्र एकच. जोखीम विभागली पाहिजे, असे आपण कर्जाच्या प्रकरणात शिकवितो. यंत्रणेच्या बाबतीत ती उलट एकवटत चालली आहे.

आमच्या सीमाभागात बँकेची पत अजून संचालकांच्या ओळखीवर ठरते. मीही एका सहकारी बँकेचा सभासद आहे. गेल्या वार्षिक सभेत लाभांशावर तासभर वाद झाला, अल्पोपाहारावरही झाला. संगणकयंत्रणा कोण सांभाळतो आणि ती एक दिवस बंद पडली तर काय करावयाचे, हे कोणीच विचारले नाही. मीही विचारले नाही.