माहितीचा साठा आणि माहितीचा ओघ
सर्व्हरवरील डिस्क व टेप यांच्या मांडणीचा परिचय

सातबाराचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, शाळा सोडल्याचा दाखला, निवृत्तिवेतनाचा हिशेब ही सर्व कागदपत्रे वरवर साधी दिसत असली, तरी सामान्य नागरिकाचा हक्क त्यांच्यावरच उभा असतो. पूर्वी हे दप्तर कापडी बस्त्यांत बांधून ठेवले जाई. आज त्याचा मोठा भाग संगणकाच्या स्मृतिसाठ्यात गेला आहे. दिनांक २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या इमारतीस लागलेल्या आगीत अनेक विभागांच्या संचिका भस्मसात झाल्या, तेव्हा कागदाबरोबर त्याची दुसरी प्रत अन्यत्र असणे किती निकडीचे आहे, याची जाणीव सर्वांना झाली. दुसरी प्रत करावयाची म्हटले, की दोन प्रश्न उभे राहतात. ती कशावर ठेवावयाची, आणि कामकाज न थांबविता किती वेळात तयार करावयाची? यांपैकी दुसरा प्रश्न वेगाचा आहे. खरेदीच्या वेळी नेमका तोच दुर्लक्षित राहतो.

साठा आणि ओघ यांतील भेद

धरणात पाणी किती मावते हा एक प्रश्न, आणि शेवटच्या शेतापर्यंत ते किती वेगाने पोहोचते हा दुसरा. धरण भरलेले असूनही मुख्य कालवा, वितरिका व शेतचारी यांपैकी एखादी जागा अरुंद असेल, तर शेताला मिळणारे पाणी त्या अरुंद जागेइतकेच असते. संगणकातील माहितीचेही असेच आहे. डिस्क, तिला जोडणारी तार, सर्व्हर, संगणकांचे जाळे आणि शेवटी टेपचे यंत्र ही एक सलग साखळी होय. तिच्यातील सर्वांत मंद कडी जो वेग देईल, तोच संपूर्ण व्यवस्थेचा वेग ठरतो. म्हणून महागडे टेपयंत्र आणून जाळे मात्र जुनेच ठेवणे म्हणजे रुंद चारी खणून तिला अरुंद मोरी बसविण्यासारखे आहे.

डिस्कचा वेग कोठे खर्च होतो?

१९५६ साली आयबीएम कंपनीने डिस्कचा साठा असलेले पहिले व्यापारी यंत्र बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सुमारे ५० लक्ष अक्षरे त्यांवर मावत. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या लक्षावधी पट माहिती राहते. तत्त्व मात्र तेच आहे. तबकडी फिरते, आणि वाचणारी सुई, म्हणजे तिचे चुंबकीय शीर्ष, हव्या त्या वर्तुळावर जाऊन थांबते.

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास सुमारे ८.३ सहस्रांश सेकंद लागतात. हवी ती नोंद शीर्षाखाली येण्यासाठी सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे ४ सहस्रांश सेकंद वाट पाहावी लागते. शीर्षाला योग्य वर्तुळावर जाण्यास आणखी ८ ते ९ सहस्रांश सेकंद लागतात. म्हणजे विखुरलेल्या नोंदी वाचावयाच्या असतील, तर एक डिस्क सेकंदाला जेमतेम ८० नोंदी देऊ शकते. प्रत्येक नोंद ८ किलोबाइटची धरली, तर हा वेग सेकंदाला एक मेगाबाइटही भरत नाही. तीच डिस्क एका ओळीने, सलग वाचली, तर सेकंदाला सुमारे २०० मेगाबाइट माहिती देते. फरक सुमारे तीनशे पटींचा आहे. डिस्क तीच आहे, फक्त मागण्याची रीत बदलली.

यावरून मांडणीचा पहिला नियम निघतो. विखुरलेले काम आणि सलग काम एकाच डिस्कसंचावर ठेवू नये. दिवसभर नागरिकांच्या मागणीनुसार नोंदी शोधणारा डेटाबेस हे विखुरलेले काम होय. त्याच्यासाठी फिरता भाग नसलेली घनस्थिती स्मृती, म्हणजे एसएसडी, योग्य ठरते. व्यवहारांची रोजवही आणि बॅकअपची प्रत ही सलग कामे असून, स्वतंत्र संचावर ठेवल्यास साध्या डिस्कही ती उत्तम रीतीने पार पाडतात.

अनेक डिस्क, एक संच

एकाच डिस्कने जे होत नाही ते अनेकांनी मिळून करावे, ही कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली एका निबंधात सूत्रबद्ध केली. ती रेड या नावाने ओळखली जाते. माहितीचे पट्टे पाडून ते आठ डिस्कवर वाटले, की आठही एकाच वेळी वाचू लागतात आणि वेग त्या प्रमाणात वाढतो. मात्र आठांपैकी एक जरी निकामी झाली तरी सर्व माहिती जाते. म्हणून वेगाबरोबर सुरक्षिततेचीही तजवीज करावी लागते.

तिचे एक साधन म्हणजे आरसाप्रत. प्रत्येक डिस्कला तिची जुळी डिस्क द्यावयाची. जागा निम्मी वाया जाते, पण लिहिण्याचा वेग चांगला राहतो. दुसरे साधन पडताळ्याचे. तीन डिस्कवर ७, ५ व ९ हे आकडे असून चौथीवर त्यांची बेरीज २१ लिहिली आहे असे समजू. ५ हा आकडा असलेली डिस्क बिघडली, तर २१ मधून ७ व ९ वजा करून तो परत मिळतो. प्रत्यक्षात बेरजेऐवजी द्विमान अंकांची क्रिया वापरतात, पण तत्त्व हेच.

या काटकसरीची किंमत लिहिताना मोजावी लागते. लहानशी नोंद बदलावयाची झाली, तर जुनी नोंद व जुना पडताळा वाचून दोन्ही नव्याने लिहावे लागतात, म्हणजे एका कामाची चार कामे होतात. म्हणून सतत बदलणाऱ्या नोंदींसाठी आरसाप्रत आणि क्वचित बदलणाऱ्या मोठ्या संचिकांसाठी पडताळ्याची पद्धत, अशी विभागणी करणे हितावह असते. त्यातही, १६ टेराबाइटची एक डिस्क बदलून पुन्हा भरावयाची म्हटल्यास सेकंदाला २०० मेगाबाइट वेगानेही सुमारे २२ तास लागतात. या काळात दुसरी डिस्क बिघडण्याचा धोका असल्याने मोठ्या संचांत दोन पडताळे ठेवणारी मांडणी निवडावी.

टेपला अखंड पुरवठा हवा

१९५२ साली आयबीएमच्या पहिल्या टेपयंत्राचा वेग सेकंदाला ७,५०० अक्षरे इतका होता. आज प्रचारात असलेल्या एलटीओ मालिकेतील आठव्या पिढीचे यंत्र सेकंदाला ३६० मेगाबाइट लिहिते आणि एका टेपवर १२ टेराबाइट माहिती मावते. ही फीत ९६० मीटर लांब असते. शेतकरी जसा बांधापर्यंत नांगर नेऊन, वळवून, शेजारचे तास धरतो, तशीच फीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन उलट फिरते. एकूण २०८ वेळा हा प्रवास झाला की टेप भरते. म्हणजे शीर्षाखालून सुमारे २०० किलोमीटर फीत सरकते. पूर्ण वेगाने याला सव्वानऊ तास लागतात.

नांगरणाऱ्याला मध्येच थांबणे परवडत नाही, तसे टेपलाही नाही. यंत्र आपला वेग काही मर्यादेपर्यंत कमी करू शकते. परंतु माहिती त्याहूनही हळू येऊ लागली, तर फीत थांबते, मागे जाते, पुन्हा वेग घेते आणि पुढचा तुकडा लिहिते. जोडे पुसणाऱ्याच्या फडक्यासारखी ही मागेपुढे होणारी हालचाल वेळ खाते आणि फीत व शीर्ष दोघांनाही झिजविते. टेप मंद आहे अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. प्रत्यक्षात तिला वेळेवर माहिती पुरविली जात नसते. स्कॅन केलेल्या २०० किलोबाइटच्या लक्षावधी प्रतिमा एकेक करून वाचल्यास डिस्क सेकंदाला १६ मेगाबाइटच देऊ शकेल. अशा लहान संचिकांची आधी मोठी गाठोडी बांधून मगच त्या टेपकडे पाठवाव्यात.

एक हिशेब

समजा, एका कार्यालयाची २४ टेराबाइट माहिती रात्रीच्या आठ तासांत टेपवर न्यावयाची आहे. आठ तासांचे २८,८०० सेकंद होतात. म्हणजे सेकंदाला सुमारे ८३३ मेगाबाइट वेग हवा. एका टेपयंत्राचा वेग ३६० असल्याने तीन यंत्रे लागतील. एक गिगाबिटचे जाळे सैद्धांतिकदृष्ट्याही १२५ मेगाबाइटच वाहून नेते. ते येथे अपुरे पडेल. दहा गिगाबिटचे जाळे लागेल. डिस्कसंचानेही तेवढा सलग वेग दिला पाहिजे.

आता दुसरा मार्ग पाहू. संपूर्ण प्रत आठवड्यातून एकदा, सुटीच्या दिवशी घ्यावी आणि रोज केवळ बदललेली माहिती घ्यावी. रोजचा बदल दोन टक्के धरला, तर ती ४८० गिगाबाइट होते. ती दिवसभरात सावकाश एका मधल्या डिस्कसंचावर जमा करावी आणि रात्री तेथून एका दमात टेपवर उतरवावी. एका यंत्रास यासाठी २२ ते २३ मिनिटे पुरतात. हीच माहिती आठ तासांत थेंबथेंब टेपवर सोडली असती, तर वेग सेकंदाला १७ मेगाबाइट राहून फीत रात्रभर मागेपुढे करीत राहिली असती.

जिनिव्हाजवळील सर्न या अणुसंशोधन संस्थेतही हेच तत्त्व वापरले जाते. तेथील प्रयोगांची माहिती प्रथम डिस्कवर व तेथून टेपवर जाते. जून २०१७ मध्ये तेथील टेपसाठा २०० पेटाबाइटच्या पुढे गेला. या प्रयोगांच्या जागतिक संगणकजाळ्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही सहभागी आहे.

वेगापलीकडे

डिस्कसंच कितीही भक्कम असला तरी तो बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली नोंद आरशातही पुसली जाते. फेब्रुवारी २०११ मध्ये आज्ञावलीतील दोषामुळे काही जीमेल खातेदारांचा पत्रव्यवहार अनेक ठिकाणच्या प्रतींमधून एकाच वेळी नाहीसा झाला. यंत्रापासून अलग ठेवलेल्या टेपवरून गूगलने तो परत आणला. याउलट ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीस आढळून आले, की बॅकअपच्या ज्या पद्धतींवर तिचा भरवसा होता, त्या प्रत्यक्षात चालूच नव्हत्या. सुमारे सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या.

म्हणून टेप लिहिली यावर समाधान न मानता, तिच्यावरून माहिती परत आणून पाहण्याचा ठराविक दिवस असावा आणि त्यास किती तास लागले याची नोंद ठेवावी. एक प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या गावी, थंड व कोरड्या जागी असावी. कोकणासारख्या दमट हवेत ही काळजी विशेष घ्यावी लागते. यंत्रांच्या पिढ्याही बदलत असतात. आठव्या पिढीचे एलटीओ यंत्र सातव्या पिढीची टेप वाचते, सहाव्या पिढीची वाचत नाही. जुन्या टेपा वेळीच नव्या पिढीवर उतरविल्या नाहीत, तर फीत शाबूत असूनही ती वाचणारे यंत्र मिळणार नाही.

नवी यंत्रसामग्री घेताना संबंधितांनी पुरवठादारास केवळ 'किती टेराबाइट?' असे न विचारता, 'आमच्या प्रकारच्या नोंदींवर सेकंदाला किती मेगाबाइट, आणि सर्व माहिती परत आणण्यास किती तास?' असे विचारावे. पूर किंवा आगीनंतर आपल्या जमिनीचा उतारा मागण्यासाठी खिडकीशी उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला साठ्याच्या आकाराशी कर्तव्य नसते. त्याचा उतारा त्याच दिवशी हाती पडेल की नाही, हे या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असते.